ख्रिस्तजन्म

ख्रिस्तजन्म : ख्रिस्ती धर्माचा प्रवर्तक येशू ख्रिस्त याचा पॅलेस्टाइनमधील बेथलेहेम या गावी झालेला जन्म व त्याचे धार्मिक, सामाजिक आणि सांस्कृतिक महत्त्व. ‘नाताळ’ हा मराठीतील रूढ शब्द ‘जन्माचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे. जगातील बहुतेक धर्मसंस्थापकांच्या जन्मकथांत अलौकिक चिन्हे आढळतात, तशी ती ख्रिस्ताच्या जन्मकथेतही आहेत. तथापि त्या कथेचा गाभा त्या चिन्हांत नसून जन्माच्या दीन परिस्थितीत आहे. गुरांच्या गव्हाणीत ठेवलेले अर्भक ही तिची मध्यवर्ती प्रतिमा होय. ख्रिस्ती धर्म पुढे राजधर्म झाला, साम्राज्यांबरोबर दूरदेशी गेला आणि वैभवशाली चर्चवास्तूंत स्थिरावला. परंतु ही प्रतिमा त्याला बदलता आली नाही. प्रत्येक काळात ती या धर्माच्या अनुयायांना आधार देत आली आणि त्याच्या सत्तेची कसोटीही पाहत आली. गोवा, कोकण व महाराष्ट्र येथील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे दिसतात.

आधारग्रंथ व कालनिर्णय : ख्रिस्तजन्माची माहिती ‘नव्या करारा’तील चार शुभवर्तमानांपैकी मत्तय व लूक या दोहोंतच मिळते. मार्कचे शुभवर्तमान प्रौढ येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होते, तर योहानाचे शुभवर्तमान देहधारणाचा तात्त्विक विचार मांडते. जन्मप्रसंगाचे वर्णन करीत नाही. मत्तय व लूक यांचे वृत्तांतही परस्परांहून भिन्न आहेत. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडील मागी (ज्योतिषी), तारा, हेरोद राजाने केलेली बालहत्या व मिसर देशातील पलायन हे प्रसंग येतात. लूकच्या कथेत रोमन शिरगणती, गव्हाण, मेंढपाळ व देवदूतांचे गायन हे प्रसंग आहेत. दोहोंना समान असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत : माता मरिया, तिचा वाग्दत्त पती योसेफ, बेथलेहेम हे जन्मस्थान, हेरोदाचा काळ आणि नासरेथ येथील पुढील वास्तव्य. मागी तिघेच होते, असे मत्तयाने कोठेही म्हटलेले नाही. तीन भेटींवरून ती संख्या पुढे रूढ झाली. बैल व गाढव यांचा उल्लेखही शुभवर्तमानांत नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एका वचनाच्या आधारे ही जनावरे नंतरच्या परंपरेत व चित्रकलेत दाखल झाली.

जन्मवर्ष निश्चित नाही. हेरोद राजा इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला, असे बहुसंख्य इतिहासकार मानतात. त्यामुळे येशूचा जन्म त्यापूर्वी, बहुधा इ. स. पू. ६ ते ४ या दरम्यान झाला असावा. लूकने उल्लेखिलेला सिरियाचा अधिकारी क्विरीनिय याने केलेली शिरगणती मात्र इ. स. ६ मधील असल्याचे जोसीफस या यहुदी इतिहासकाराच्या लेखनावरून दिसते. या दोन कालखंडांचा मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न झाले. पण त्यांपैकी कोणताही सर्वमान्य ठरलेला नाही. डायोनिशिअस एग्झिग्यूअस या मठवासीयाने इ. स. ५२५ मध्ये ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत सुचविली. त्याच्या गणितात काही वर्षांची चूक राहिली. त्यामुळे ख्रिस्त ‘ख्रिस्तपूर्व’ काळात जन्मला, अशी चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. २५ डिसेंबर ही तिथीही शुभवर्तमानांत नाही. रोममध्ये त्या दिवशी हा सण पाळला जात असल्याचा पहिला निश्चित पुरावा इ. स. ३३६ चा असून तो ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो. पूर्वेकडील चर्चमध्ये ६ जानेवारी हा दिवस प्रचलित होता. आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म साजरा करते.

गव्हाण व दैन्याची चिन्हे : लूकच्या वृत्तांतात जन्माचे प्रत्यक्ष वर्णन अत्यंत संक्षिप्त आहे. मूल जन्मले, त्याला बाळंत्यात गुंडाळले आणि उतरण्याच्या ठिकाणी जागा नसल्यामुळे गव्हाणीत ठेवले, एवढेच त्यात सांगितले आहे. गोठ्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो गव्हाणीवरून अनुमानिलेला आहे. ‘उतरण्याचे ठिकाण’ या अर्थी लूकने ‘कातालुमा’ हा ग्रीक शब्द योजिला आहे. धर्मशाळा किंवा पथिकाश्रम यासाठी तोच लेखक दुसऱ्या एका कथेत ‘पांदोखेयोन’ हा वेगळा शब्द वापरतो, तर येशूच्या अखेरच्या भोजनाच्या प्रसंगी पाहुण्यांच्या खोलीसाठी ‘कातालुमा’ हाच शब्द योजतो. यावरून काही अभ्यासक असे मानतात, की हा जन्म निष्ठुर धर्मशाळावाल्याने हाकलल्यामुळे रानात झाला नसून, नातलगांच्या गर्दीने भरलेल्या एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या घरात, जनावरे बांधण्याच्या भागात झाला असावा. पॅलेस्टाइनमधील अशा घरांत माणसे व जनावरे एकाच छपराखाली राहत. जनावरांचा भाग थोडा सखल असे. मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. देशावरील शेतकऱ्यांच्या जुन्या घरांत बैल पुढच्या सोप्यालगत बांधले जात. रत्नागिरीजवळच्या हातखंब्यासारख्या कोकणी गावांतही गोठा हा घरापासून तुटलेला भाग नसून घरसंसाराचेच एक अंग असे. गव्हाणीत मूल ठेवणे हा अशा घरातील अडचणीच्या वेळचा उपाय होय. दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून मात्र हा जन्म गुहेत झाला, अशी परंपरा आढळते. जस्टिन मार्टर याने तिचा उल्लेख केला आहे. त्या डोंगराळ प्रदेशात गुहांचा उपयोग जनावरे बांधण्यासाठी होत असे; त्यामुळे या दोन कल्पनांत मूलतः विरोध नाही.

लूकच्या छोट्या वृत्तांतात गव्हाणीचा उल्लेख तीन वेळा येतो. दुसऱ्या वेळी तर ती खूण म्हणूनच येते : गव्हाणीत निजलेले बालक हीच तुमच्यासाठी खूण, असे देवदूत मेंढपाळांना सांगतो. म्हणजे दैन्य ही या कथेतील योगायोगाची बाब नसून तिचा आशयच आहे. वार्ता ज्यांना प्रथम कळते ते मेंढपाळही समाजात प्रतिष्ठा असलेले लोक नव्हते. रात्री रानात कळप राखणारे ते श्रमिक होते. दैन्याचा याहून सूक्ष्म, परंतु अधिक निःसंदिग्ध पुरावा पुढे मिळतो. प्रसूतीनंतरच्या शुद्धीसाठी मरिया व योसेफ यरुशलेमच्या मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी पक्ष्यांची जोडी अर्पण केली. ‘लेवीय’ या ग्रंथातील नियमाप्रमाणे अशा वेळी कोकरू अर्पण करावयाचे असे. ज्या स्त्रीला कोकरू परवडत नसेल, तिला दोन होले किंवा पारव्याची दोन पिले देण्याची मुभा होती. लूकने गरिबीविषयी एकही विशेषण न वापरता या एका तपशिलातून त्या कुटुंबाची आर्थिक स्थिती सांगितली आहे.

राजसत्तेची पार्श्वभूमी : लूकची कथा रोमन सम्राट औगुस्त (ऑगस्टस) याच्या आज्ञेने सुरू होते. हा काळ औगुस्ताच्या गौरवाचा होता. आशिया मायनरमधील प्रायीनी येथे सापडलेल्या इ. स. पू. ९ च्या शिलालेखात औगुस्ताला त्राता मानले असून, त्या देवाच्या जन्मदिनापासून जगासाठी शुभवार्तांचा आरंभ झाला, असे म्हटले आहे आणि त्याच्या जन्मदिवसापासून वर्षारंभ धरण्याचा ठराव केला आहे. शुभवार्ता, त्राता, शांती हे लूकच्या जन्मकथेतील शब्द त्या काळच्या राजकीय परिभाषेतीलच होते. लूकने ते सम्राटाकडून काढून गव्हाणीतील मुलाला लावले. मरियेच्या तोंडी त्याने घातलेल्या स्तोत्रातही अधिपतींना सिंहासनांवरून खाली ओढून दीनांना उंचावणाऱ्या ईश्वराची स्तुती आहे. मत्तयाची कथा वेगळ्या मार्गाने याच निष्कर्षाकडे येते. तीत यहूद्यांचा राजा शोधीत आलेले परदेशी विद्वान आधी राजवाड्यात जातात. परंतु राजा तेथे नसतो. सिंहासनावरील हेरोद भयभीत होतो, बालकांचा संहार करवितो आणि ते कुटुंब परदेशी आश्रय घेते. हेरोदाच्या बालहत्येला शुभवर्तमानाबाहेरचा समकालीन आधार नाही. परंतु स्वतःच्या पुत्रांनाही ठार करविणाऱ्या त्या राजाच्या संशयी वृत्तीशी ही कथा विसंगत नाही. बेथलेहेम हे लहान गाव होते. यरुशलेमच्या दक्षिणेस सुमारे ९ किमी. वरील हे गाव दावीद राजाचे जन्मस्थान म्हणून पूज्य होते आणि यहूदाच्या कुळांत क्षुद्र असूनही त्यातून अधिपती निघेल, असे मीखा संदेष्ट्याने म्हटले होते.

आद्य चर्चमधील वाद : पौलाने आपल्या पत्रांत गव्हाणीचा उल्लेख केलेला नाही, परंतु फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने ईश्वररूप असूनही स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, हा विचार येतो. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यावरील हे लेखन जन्मकथांहून जुने आहे. यावरून दैन्याची कल्पना जन्मकथांतून निघाली नसून, ख्रिस्ताविषयीच्या मूळ श्रद्धेतूनच जन्मकथांना आकार मिळाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

ग्रीक-रोमन जगात ही कल्पना सहज पचणारी नव्हती. दुसऱ्या शतकातील मार्सियन या धर्मविचारकाला ईश्वरी पुरुषाचे अर्भकपण मान्य नव्हते. त्याच्या शुभवर्तमानात जन्मकथा वगळलेली होती. ख्रिस्ताचे शरीर केवळ भासमान होते, असे मानणारे पंथही त्या काळी होते. ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याने सुमारे १७८ मध्ये येशूच्या जन्माची थट्टा केली. खेड्यातील, सूत कातून पोट भरणाऱ्या गरीब स्त्रीचे हे मूल देव कसे असू शकेल, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. सुमारे सत्तर वर्षांनंतर ओरिजेन याने त्याला सविस्तर उत्तर दिले. त्याने दैन्य नाकारले नाही. उलट कुळ, संपत्ती, शिक्षण यांपैकी कशाचेही पाठबळ नसलेल्या माणसाने जगाला हलविले, हीच ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय, असा युक्तिवाद केला. चर्चने जन्मकथा वगळणारे मत अमान्य केले. ईश्वर खरोखरच मनुष्यदेहात आला, असे म्हणावयाचे तर त्याची भूक, थंडी व परावलंबन हीही खरी मानली पाहिजेत, अशी यामागील भूमिका होती.

जन्मस्थान व स्मरणपरंपरा : चौथ्या शतकात रोमन सम्राट काँस्टंटीन याने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यावर बेथलेहेम येथील गुहेवर भव्य चर्च बांधले गेले. सम्राटमाता हेलेना हिचे नाव त्याच्याशी निगडित आहे. ३३९ मध्ये त्याचा समर्पणविधी झाला. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाच्या काळी त्याची पुनर्रचना झाली आणि तीच वास्तू मुख्यत्वे आज उभी आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. तिचे प्रवेशद्वार कालांतराने लहान करण्यात आले असून त्याची उंची जेमतेम १·२ मी. आहे, त्यामुळे कोणालाही वाकूनच आत जावे लागते. त्याला ‘नम्रतेचे द्वार’ असे म्हणतात. मात्र या स्थानाचा इतिहास नेहमीच नम्रतेचा नाही. गुहेतील जन्मस्थानदर्शक चांदीचा तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला. या पवित्र स्थानांवरील हक्कांबाबत लॅटिन व ग्रीक चर्चमध्ये जो कलह चालला होता, तो फ्रान्स व रशिया यांच्यातील वैराला कारण होऊन क्रिमियाच्या युद्धाच्या (१८५३–५६) निमित्तांपैकी एक ठरला. राजप्रासादाला पाठ फिरविणाऱ्या जन्माच्या स्मारकावरून राजसत्तांनी युद्ध करावे, हा इतिहासातील उपरोध होय.

राजवैभवात झाकलेली ही प्रतिमा मूळ स्वरूपात आणण्याचे श्रेय असीसीचा संत फ्रान्सिस याला दिले जाते. १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या खेड्याजवळ त्याने गवताने भरलेली गव्हाण, बैल व गाढव यांसह देखावा उभा करून तेथे उपासना करविली. येशू किती गैरसोयीत जन्मला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्याचा हेतू होता. नाताळात गोठ्याचा देखावा मांडण्याची प्रथा यातून सर्वत्र लोकप्रिय झाली. इस्लामी परंपरेतही या जन्माला स्थान आहे. कुराणातील ‘मरियम’ या सूरेत एकट्या मरियमला खजुराच्या बुंध्याशी प्रसूतिवेदना झाल्याचे वर्णन येते. तेथे गव्हाण नाही. पण मातेचे एकाकीपण व असहायता आहेच.

गोवा व कोकण : पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्तजन्माची ही कथा मोठ्या प्रमाणात पोहोचली, ती पोर्तुगीज सत्तेबरोबर. गोवा १५१० मध्ये, तर वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. साष्टी प्रदेशात देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली व त्यानंतर गावकऱ्यांवर कठोर सूड उगवला गेला. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) कार्य करू लागले. गव्हाणीतील बालकाची वार्ता येथे तोफा व किल्ले यांच्या छायेत आली, ही गोष्ट या प्रदेशातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातून वगळता येत नाही.

याच परिस्थितीत मराठीतील पहिले मोठे ख्रिस्ती काव्य निर्माण झाले. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि पुढील चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत राहिला. पूर्वीचे पुराणश्रवण सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे ‘पैले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग असून, पहिल्यात सृष्ट्युत्पत्तीपासून ख्रिस्तागमनापर्यंतची व दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राची कथा आहे. दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. या ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थच ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे प्रवचन’ असा होतो. म्हणजे येशूचे जगात येणे हा या महाकाव्याचा विषय होय. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यांसारखे परिचित शब्द योजिले आणि ज्ञानेश्वर, एकनाथ यांच्या परंपरेतील ओवी स्वीकारली. सत्तेने आलेली कथा त्याने सत्तेच्या भाषेत न सांगता जिंकलेल्यांच्या भाषेत सांगितली, हे त्याचे वैशिष्ट्य. ग्रंथाच्या पुढे १६४९ व १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घातले. तरीही हस्तलिखितांच्या द्वारे हे काव्य टिकून राहिले. १९०७ मध्ये जोसेफ एल्. सालढाणा यांनी ते मंगलोर येथे रोमन लिपीत व १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुणे येथे देवनागरीत प्रसिद्ध केले.

मराठी मुलखातील पुढील इतिहास : एकोणिसाव्या शतकात ही कथा गद्यात व छापील स्वरूपात मराठीभाषिकांपर्यंत गेली. विल्यम कॅरी याच्या प्रयत्नाने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा मराठी अनुवाद १८०५ मध्ये आणि संपूर्ण ‘नवा करार’ १८११ मध्ये सेरामपूरहून प्रसिद्ध झाला. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांचा ‘नवा करार’ १८२६ मध्ये निघाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. केडगावच्या मुक्तिसदनातील दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांना वाचता यावे, अशी साधी भाषा हे त्यांचे उद्दिष्ट होते. गव्हाण व बाळंते हे शब्द समजावून सांगण्याची गरज ज्यांना नव्हती, असा हा वाचकवर्ग होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) हा याच मालिकेतील अलीकडचा टप्पा होय.

या काळात ख्रिस्तजन्म व कृष्णजन्म यांच्या तुलनेने अभ्यासकांचे लक्ष वेधले. गोपाळांमध्ये वाढलेला कृष्ण व कंसाने केलेली बालहत्या यांचे ख्रिस्तकथेशी साम्य मराठी श्रोत्याला सहज जाणवते. मूळचे मालवणचे व रत्नागिरीत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) यांनी ‘वैष्णविझम, शैविझम अँड मायनर रिलिजस सिस्टिम्स’ (१९१३) या ग्रंथात, आभीर लोकांनी बालदेवाची पूजा, त्याच्या दीन जन्माची कथा व बालहत्येची कथा बाहेरून आणली असावी, असा तर्क मांडला. पुढील संशोधकांनी तो सामान्यतः स्वीकारला नाही. दोन्ही कथांत राजा बालकाला घाबरतो, हे साम्य खरे असले, तरी त्यांची वाटचाल निराळी आहे : कृष्णकथेत बालक मोठे होऊन कंसाला मारते, ख्रिस्तकथेत हेरोद आपल्या मरणाने मरतो आणि गव्हाणीतून निघालेली वाट क्रुसापाशी पोहोचते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनात या कथेचा सामाजिक अर्थ ठळकपणे प्रकटतो. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने चित्पावन ब्राह्मण कुळातील या विद्वानाची ज्ञाती व प्रतिष्ठा सुटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर होत्या; सोवळ्याओवळ्याचा संस्कार मनातून जाण्यास किती काळ लागला, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून कळते. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी भक्तिपरंपरेतील माउलीच्या रूपात पाहिले. परदेशी मिशनसंस्थांच्या रचनेतून बाहेर पडून १९१७ मध्ये त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्ताला युरोपीय पोषाखातून मोकळे करणे, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांतील कार्याचे सूत्र होते. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य बहुतांशी लक्ष्मीबाईंनी पुढे रचले. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीफन्सनंतर तीन शतकांनी ओवीत पुन्हा ख्रिस्तचरित्र अवतरले. फरक एवढाच, की आता ते सांगणारे मराठी घरातलेच होते.

टिळकांसारखी उच्चवर्णीय उदाहरणे संख्येने थोडी होती. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व लगतच्या भागांत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेले बहुतेक लोक महार व मांग समाजांतील होते. १८७६–७८ व १८९९–१९०० या दुष्काळांनंतर त्यांची संख्या वाढली. गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसांना, ज्याच्यासाठी गावात जागा नव्हती अशा देवाची कथा दूरची वाटली नाही. तथापि त्यांचा अनुभव सर्वस्वी समतेचा नव्हता. रोटीबेटी व्यवहारात ख्रिस्ती समाजातही जातिभेद टिकून राहिले. दुसरीकडे, १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशानुसार धर्मांतरित ख्रिस्ती दलित त्या सूचीबाहेर राहिले. या प्रश्नावरील चर्चेत ‘दीनांचा ख्रिस्त’ ही कल्पना वारंवार पुढे येते. दलित ख्रिस्ती धर्मविचाराने ती शासनासमोर जशी मांडली, तशीच चर्चसमोरही मांडली आहे.

नाताळचे स्थानिक रूप : वसईच्या ख्रिस्ती समाजात व गोव्यात नाताळच्या आधीपासून गोठ्याचे देखावे उभारले जातात. गवत, माती, बांबू असे आसपास मिळणारे साहित्य त्यांत वापरतात. मेंढपाळांच्या जोडीला कधी कोळी, शेतकरी व विहीर यांचेही दर्शन घडते. मध्यरात्रीची उपासना व मराठी नाताळगीते ही सणाची अन्य अंगे होत. शहरांत नाताळला बाजारपेठेचे रूप आले असून सांताक्लॉज, भेटवस्तू व रोषणाई यांचे प्रस्थ वाढले आहे. युरोप-अमेरिकेतही हीच स्थिती असून, सणाचा मूळ आशय त्यात हरवतो, ही तक्रार धर्मोपदेशकांकडून अनेक पिढ्या ऐकू येत आहे. तरीही देखाव्यात मध्यभागी गव्हाणच असते.

महत्त्व : ख्रिस्तजन्माच्या तपशिलांपैकी कोणते ऐतिहासिक व कोणते श्रद्धानिर्मित, याविषयी मतभेद राहतील. वर्ष, तिथी, तारा व शिरगणती यांविषयी इतिहासकार निश्चित विधान करू शकत नाहीत. परंतु या धर्माच्या आद्य अनुयायांनी आपल्या प्रभूचा जन्म राजवाड्यात न मांडता गव्हाणीत मांडला, त्याच्या आईवडिलांच्या हाती कोकराऐवजी पक्ष्यांची जोडी दाखविली आणि ही वार्ता आधी मेंढपाळांना सांगितली, हे ऐतिहासिक सत्य आहे. ज्या जगात थोरपणा कुळ व सत्ता यांवरून ठरत असे, त्या जगात हा एक नवा मूल्यविचार होता. दानधर्म, रुग्णसेवा, अनाथपालन व दीनांचा कैवार यांना ख्रिस्ती आचारात जे स्थान मिळाले, त्याच्या मुळाशी हा विचार आहे. या धर्माच्या अनुयायांनी सत्ता हाती येताच तो अनेकदा दूर सारला. पण जन्मकथा त्यांच्याच हातून दरवर्षी पुन्हा वाचली जात असल्यामुळे त्यांच्यावरील टीकेचे साधनही त्यांच्याच धर्मग्रंथात राहिले. साष्टीतील इंग्रज जेझुइट, केडगावची विदुषी, करजगावचा कवी आणि नगर जिल्ह्यातील वेशीबाहेरची मंडळी यांनी ती कथा वेगवेगळ्या कारणांनी आपली मानली. ती सांगताना त्यांपैकी कोणालाही गव्हाणीसाठी परका शब्द शोधावा लागला नाही.